सरासरी सत्त्याण्णव टक्के आणि रोजचे पाच डोस

साथीचं गणित शिकवताना मी एक प्रकरण दरवेळी फळ्यावर घेते. दोन लाखांचं एक शहर. त्याला लागून पाच हजारांची कामगार वस्ती. काम असेल तोवर माणसं तिथे राहतात, काम संपलं की निघून जातात आणि त्यांच्या जागी नवी येतात. शहरातल्या ९८ टक्के लोकांना गोवराच्या लसीचे दोन्ही डोस मिळालेले आहेत. वस्तीत ७० टक्के लोकांना एक डोस मिळाला आहे, उरलेल्या ३० टक्क्यांना एकही नाही. बाहेरून गोवराचा एक रुग्ण आला तर काय होईल? आणि हाताशी मोजकेच डोस असतील तर ते कुठे द्यायचे?

लोकसंख्येचे आणि लसीकरणाचे हे आकडे मांडणीसाठी मी ठरवलेले आहेत. गोवराचे गुण मात्र जसे आहेत तसेच घेतले आहेत. ज्या समाजात कुणालाच प्रतिकारशक्ती नाही तिथे गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण करतो. या संख्येला साथशास्त्रात आर नॉट म्हणतात. आपण १५ धरू. लसीचा एक डोस वेळेवर मिळाला तर शंभरातल्या सुमारे ९३ जणांना संरक्षण मिळतं, दोन डोसांनी सुमारे ९७ जणांना. लागण झाल्यापासून रुग्ण दुसऱ्याला रोग देऊ लागेपर्यंत साधारण ८ दिवस जातात. अंगावर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत रोग पसरू शकतो, पण पुरळ आल्यावर माणूस बहुधा अंथरुणाला खिळतो, म्हणून गणितात हा काळ ५ दिवसांचा धरण्याची रीत आहे.

आर नॉट १५ असेल तर साथ पेटू नये म्हणून किती जण सुरक्षित हवेत, हे एका ओळीचं गणित आहे. एका रुग्णाच्या पंधरा संभाव्य बळींपैकी चौदा आधीच सुरक्षित असले पाहिजेत. म्हणजे ९३.३ टक्के. असुरक्षित लोकांचं प्रमाण पंधरात एक, म्हणजे ०.०६७ च्या खाली राहिलं की साखळी आपोआप विझत जाते.

आता सगळ्यांना एकाच चौकोनात टाकून बघू. शहरात सुरक्षित लोक ०.९८ गुणिले ०.९७, म्हणजे ९५.०६ टक्के. असुरक्षित ९,८८०. वस्तीत सुरक्षित ०.७० गुणिले ०.९३, म्हणजे ६५.१ टक्के. असुरक्षित १,७४५. दोन्ही मिळून २,०५,००० लोकांत ११,६२५ असुरक्षित. प्रमाण ०.०५६७. पंधराने गुणलं की परिणामी आर, म्हणजे लसीकरण धरून एक रुग्ण प्रत्यक्षात सरासरी किती जणांना लागण करेल ती संख्या, येतो ०.८५. एकापेक्षा कमी. लसीकरणाची एकत्रित टक्केवारी ९७.३. अहवालात लिहायला यापेक्षा दिलासा देणारा आकडा शोधून सापडणार नाही.

पहिल्यांदा हे प्रकरण तयार केलं तेव्हा मी इथेच थांबले होते. साथ पेटणार नाही, असं उत्तर वहीत लिहून त्याखाली रेघही मारली होती. वर्गातली एक मुलगी बराच वेळ फळ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "मॅडम, हे पाच हजार लोक दिवसभरात भेटतात कुणाला?"

त्या प्रश्नाने माझं उत्तर मोडलं, आणि मोडायलाच हवं होतं.

साथीच्या गणिताचा पाया १९२७ साली विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी एडिंबरोत घातला. मॅकेंड्रिक हे त्याआधी भारतात वैद्यकीय सेवेत होते. केरमॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती, तरी ते गणित करत राहिले. त्यांच्या समीकरणांचं सगळ्यांना ठाऊक असलेलं साधं रूप तीन कप्प्यांचं आहे: असुरक्षित, बाधित, आणि बरे झालेले. नव्या लागणी होण्याचा वेग हा असुरक्षितांची संख्या आणि बाधितांची संख्या यांच्या गुणाकारावर ठरतो. हा गुणाकार दिसायला निरुपद्रवी आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे. प्रत्येक माणूस दुसऱ्या कुठल्याही माणसाला सारख्याच शक्यतेने भेटतो, पाण्यात साखर विरघळावी तशी सगळी लोकसंख्या एकजीव झालेली आहे, हे ते गृहीतक. वस्तीतला माणूस मात्र वस्तीतच झोपतो, वस्तीतच जेवतो, वस्तीतल्याच मुलांशेजारी त्याची मुलं खेळतात.

म्हणून चौकोन दोन करायचे आणि मधे येण्याजाण्याचे बाण काढायचे. समजा वस्तीतल्या माणसाच्या एकूण भेटीगाठींपैकी २० टक्के शहरातल्या लोकांशी होतात आणि ८० टक्के वस्तीत. भेट दोन्ही बाजूंनी मोजली जाते, म्हणून शहरवासीयांच्या बाजूने हाच हिशेब वेगळा दिसतो. शहर वस्तीच्या चाळीसपट आहे, तेव्हा शहरातल्या माणसाच्या भेटींपैकी वस्तीतल्या लोकांशी होणाऱ्या भेटी २० टक्क्यांचा चाळिसावा भाग, म्हणजे फक्त अर्धा टक्का. शहरातल्या बहुतेकांना वस्ती आहे हे जाणवतही नाही, ते यामुळेच.

आता चार आकडे काढायचे. वस्तीतला एक रुग्ण वस्तीत किती जणांना लागण करेल? १५ गुणिले ०.८ गुणिले असुरक्षितांचं प्रमाण ०.३४९, म्हणजे ४.१९. तोच रुग्ण शहरात किती जणांना? ०.१५. शहरातला रुग्ण शहरात ०.७४, आणि वस्तीत ०.०२६. हे चार आकडे दोन ओळी, दोन स्तंभांत मांडले की जी सारणी बनते तिला पुढच्या पिढीची सारणी म्हणतात. ही पद्धत १९९० मध्ये डीकमन, हेस्टरबीक आणि मेट्झ यांनी नीट बांधून दिली. सारणीचं सर्वांत मोठं आयगेन मूल्य, म्हणजे दर पिढीला एकूण रुग्ण शेवटी किती पटीने वाढत जातात हे सांगणारी एक संख्या, हा या जोडीचा खरा आर.

तो येतो ४.१९.

तीच माणसं, तेच डोस, तोच रोग. एका चौकोनात ०.८५ आणि दोन चौकोनांत ४.१९. शहराचे मोठे आकडे वस्तीच्या छोट्या आकड्यांना सरासरीत गिळून टाकतात, पण विषाणू सरासरी माणसाला भेटत नाही. तो शेजारच्याला भेटतो.

पुढे काय होतं ते अंतिम आकाराच्या समीकरणाने काढता येतं. साथ पूर्ण भडकून विझली तर वस्तीतल्या १,७४५ असुरक्षितांपैकी सुमारे १,७१७ आजारी पडतात. जवळजवळ सगळेच. शहरात ९,८८० असुरक्षितांपैकी सुमारे ८३०. म्हणजे ९८ टक्के लसीकरण झालेल्या शहराच्या वाट्याला एकूण रुग्णांचा तिसरा हिस्सा येतो. शहर एकटं असतं तर तिथे पोचलेला एक रुग्ण सरासरी चारेक जणांत विझला असता. वस्तीतून ठिणग्या येत राहतात म्हणून विझणं लांबतं. सुरुवातीला रुग्णसंख्या चार-साडेचार दिवसांत दुप्पट होते. पहिल्या रुग्णाचं निदान पुरळ आल्यावर होतं, आणि तोवर तो चार दिवस रोग वाटत फिरलेला असतो. दुप्पट होण्याचा वेग आणि निदानाला लागणारा वेळ जवळपास सारखेच आहेत, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत काळजीचं वाटतं.

वर्गात यानंतर हमखास एक सूचना येते: वस्तीचं येणंजाणं बंद करा. गणिताला विचारून पाहू. भेटींमधला शहराचा वाटा २० वरून ५ टक्क्यांवर आणला तर शहरातले रुग्ण ८३० वरून २३५ च्या आसपास उतरतात. वस्तीतले १,७१७ वरून १,७३२ होतात आणि आर ४.१९ वरून ४.९७ वर चढतो. फाटक लावल्याने वस्तीतल्या एकाही मुलाचा गोवर टळत नाही. उलट त्यांच्या सगळ्या भेटी आपसातच होऊ लागतात आणि साथ आणखी दाट होते. शहराला त्यातून काहीसं संरक्षण मिळतं हे खरं आहे, ते मी लपवत नाही. पण ते वस्तीच्या जिवावर मिळतं, आणि वस्तीतली माणसं सतत बदलत असताना असं फाटक किती दिवस बंद राहील याचा विचार करावा लागतो.

याची दुसरी बाजू तितकीच बुचकळ्यात टाकणारी आहे. मिसळणं वाढवून शहराचा वाटा ५० टक्के केला तर आर २.६३ पर्यंत खाली येतो. आर कमी झाला म्हणजे बरं झालं, असं वाटतं. पण शहरातले रुग्ण १,६३६ होतात, वस्तीतले १,५९५, एकूण सुमारे ३,२३०. आधी एकूण २,५४७ होते. आर उतरला आणि रुग्ण वाढले! आर ही साथ पेटण्याची खूण आहे, साथीच्या आकाराची नव्हे. या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळल्या की चुकीचे निर्णय घेतले जातात. निव्वळ मिसळण्याच्या जोरावर आर एकाखाली आणायचा तर वस्तीतल्या माणसाच्या ८६ टक्के भेटी शहरात व्हायला हव्यात. म्हणजे वस्ती वस्तीच राहू नये.

तर मग डोस.

शहरात लस न घेतलेले ४,००० जण आहेत, वस्तीत १,५००. टक्केवारीने काम मोजलं तर शहराकडे ओढा असणं साहजिक आहे, कारण तिथे माणसं सापडतात, पत्ते ठरलेले असतात, नोंदी असतात. समजा जिद्दीने शहरातल्या सगळ्या ४,००० जणांना एकेक डोस दिला. शहराची टक्केवारी १००. आर? ४.१९. दशांशात हलला तरी बोलण्यासारखा नाही. शहरातले रुग्ण ८३० वरून २८० पर्यंत उतरतात, वस्तीतले १,७१७ तसेच राहतात. आता तेच काम वस्तीत करू. आर एकावर आणण्यासाठी वस्तीतले असुरक्षित १,७४५ वरून ४१५ वर यायला हवेत. त्यासाठी डोस लागतात १,४३०. चार हजार डोसांनी जे साधलं नाही ते चौदाशे तीस डोसांनी साधतं, आणि शहराचंही रक्षण होतं.

पण १,५०० पैकी १,४३० हा आकडा जवळून बघा. फक्त ७० जण सुटलेले चालतात. इतकी कमी मोकळीक का? ४१५ ची मर्यादा आहे, आणि त्यातली २४५ जागा आधीच भरलेली आहे. पहिला डोस घेऊनही ज्यांच्या शरीराने प्रतिसाद दिला नाही असे, ३,५०० चे सात टक्के. त्यांच्या कार्डावर शिक्का आहे, नोंदवहीत त्यांच्यापुढे बरोबरची खूण आहे, आणि तरीही ते असुरक्षित आहेत. नव्या १,४३० डोसांतले शंभरेक वाया जातील, ते वेगळेच.

आणि आता बाळं. गोवराची लस बहुतेक देशांत नऊ महिन्यांच्या आधी नेहमीच्या वेळापत्रकात दिली जात नाही, काही देशांत तर पहिला डोस वर्षाच्या आसपास देतात. आईकडून आलेली प्रतिद्रव्यं पहिले काही महिने बाळाला सांभाळतात आणि त्याच काळात लसीचा परिणामही कमी करतात. पाच हजारांच्या वस्तीत वर्षाला दर हजारी २० जन्म धरले तर नऊ महिन्यांखालची ७५ बाळं कुठल्याही क्षणी तिथे असणार. म्हणजे सुटलेल्यांसाठी जी ७० ची मोकळीक होती ती एकट्या बाळांनीच जवळपास संपवली. आईच्या प्रतिद्रव्यांचा हिशेब धरून त्यातली काही वजा करता येतील, पण उरलेली मोकळीक बोटांवर मोजण्याइतकीच. साथ आली असेल तर सहाव्या महिन्यापासून एक जादा डोस देण्याची शिफारस आहे. तो नेहमीच्या डोसांत धरायचा नसतो, ते डोस पुढे द्यायचेच असतात.

यातून एक वाट निघते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांना एक डोस मिळाला आहे त्या ३,५०० जणांना दुसरा डोस द्यायचा. वरवर पाहता हा खर्च चुकीच्या लोकांवर होतोय असं वाटतं, कारण ते "लसवंत" आहेत. पण त्यामुळे त्यांच्यातले असुरक्षित २४५ वरून १०५ वर येतात, १४० जागा मोकळ्या होतात, आणि लस न घेतलेल्यांपैकी ७० च्या ऐवजी २२० जण सुटलेले चालतात. जो बाप पहाटे कामाला जातो आणि रात्री परततो, जी आई लसीकरणाच्या दिवशी मूल घेऊन दुसऱ्याच ठिकाणी होती, त्यांच्यापर्यंत पोचायला तेवढी उसंत मिळते. सापडणाऱ्या माणसांना दिलेला दुसरा डोस न सापडणाऱ्यांना झाकतो.

इथवर वस्ती स्थिर धरली होती. ती स्थिर नाही. प्रकरणाचा गाभा खरं तर इथून सुरू होतो.

स्थलांतराचं गणित करताना दोन वेगळ्या हालचाली एकाच शब्दाखाली घातल्या जातात. सकाळी जाऊन रात्री परतणं हा भेटींचा प्रश्न आहे, तो वरच्या सारणीत आला. राहायला येणं आणि कायमचं निघून जाणं हा लोकसंख्येच्या घडणीचा प्रश्न आहे, तो समीकरणात वेगळ्या पदाने येतो. पहिल्या हालचालीतून विषाणू येतो. दुसरीतून विषाणूला लागणारं इंधन येतं. चर्चा नेहमी पहिलीची होते.

समजा दर महिन्याला वस्तीतले दहा टक्के लोक बदलतात: ५०० जातात, ५०० येतात. येणाऱ्यांचं लसीकरण आधीच्यांसारखंच, ७० टक्के आणि एकच डोस. आपण मोठी मोहीम काढली, वस्तीतल्या सगळ्या १,५०० जणांना डोस दिला, आणि बाळांचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला. असुरक्षितांचं प्रमाण ०.३४९ वरून ०.०७ वर आलं. आर ०.८५. मोहीम फत्ते. त्याच दिवसापासून प्रमाण पुन्हा चढू लागतं, कारण सुरक्षित माणसं निघून जाताहेत आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांत तिघांतला एक असुरक्षित आहे. धोक्याची रेषा, म्हणजे ५,००० पैकी ४१५, ०.०८३. ती किती दिवसांत ओलांडली जाईल?

चौदा.

दोन आठवडे. लसीची प्रतिकारशक्ती पुरती तयार व्हायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. म्हणजे मोहिमेचा लाभ पूर्णपणे हाती येतो त्याच सुमाराला तो ओसरायलाही लागलेला असतो. हा आकडा पहिल्यांदा आला तेव्हा मी दशांशचिन्ह चुकलं म्हणून तीनदा तपासलं. चुकलं नव्हतं. मोहीम चांगली होती, पण ती वस्तीला दिली होती आणि वस्ती म्हणजे तिथली माणसं. ती बदलली.

दुसरा मार्ग असा की येणाऱ्याला येतानाच डोस द्यायचा. महिन्याला ५०० येतात, त्यांतले १५० लस न घेतलेले. रेषेखाली राहायला त्यांच्यातल्या १४३ जणांपर्यंत पोचलं पाहिजे. दिवसाला पाच डोस. एक शीतपेटी, एक परिचारिका, एक नोंदवही. एवढी छोटी गोष्ट रोज करावी लागते, आणि रोज करायच्या छोट्या गोष्टीला मोठ्या मोहिमेसारखं उद्घाटन नसतं, म्हणून ती सुटते. आधी एकदाची मोहीम आणि मग रोजचे पाच, असं दोन्ही मिळून करावं लागेल हे उघड आहे. आधीची वस्ती तशीच ठेवून फक्त येणाऱ्यांना डोस दिले तर जुने असुरक्षित बाहेर पडून प्रमाण रेषेखाली यायलाच अडीच वर्षांच्या वर लागतात.

रोजचं हे काम थोडं कमी पडलं तर? १५० पैकी १४३ ऐवजी १३५ पर्यंतच पोचलो, म्हणजे ९० टक्के. हळूहळू असुरक्षितांचं प्रमाण ०.०९८ वर स्थिरावतं आणि आर १.१८ होतो. साथ पेटू शकते. पण पेटली तरी वस्तीत सुमारे १४० रुग्ण होतील, शहरात ८०. काहीच न केलं तर १,७१७ आणि ८३०. रेषा गाठली नाही म्हणून प्रयत्न फुकट गेला असं होत नाही, हे मी वर्गात आवर्जून सांगते. रेषेची सवय लागली की माणसं पास-नापास असा विचार करू लागतात.

आणखी एक फसवी जागा आहे, ती योगायोगाची. आतापर्यंतची समीकरणं मोठ्या संख्यांची सरासरी सांगतात. सुरुवातीला मात्र एकच रुग्ण असतो, आणि एकाच्या बाबतीत नशीब चालतं. सगळ्यात साध्या यादृच्छिक मॉडेलमध्ये एका रुग्णापासून सुरू झालेली साखळी आपणहून विझण्याची शक्यता एक भागिले आर असते. आर ४.१९ असताना ०.२४. म्हणजे काहीही न करता चारातून एकदा वस्तीत आलेला गोवर स्वतःच विझेल. तेव्हा कुणीतरी म्हणेल, "बघा, आला होता आणि काही झालं नाही." दोन वेळा लागोपाठ असं होण्याची शक्यताही शंभरात सहा आहे, फार दुर्मीळ नाही. तीन वेळा मात्र शंभरात दीडसुद्धा नाही.

आणि रुग्ण येत राहणार हे गृहीतच धरावं लागतं. मॉरिस बार्टलेट यांनी १९५७ मध्ये दाखवलं की लस नसलेल्या काळातही अडीच ते तीन लाखांपेक्षा लहान शहरांत गोवर स्वतःच्या बळावर टिकत नसे. साथ येऊन गेली की असुरक्षित संपत, साखळी तुटे, आणि पुढची साथ बाहेरून येणाऱ्या रुग्णाची वाट बघे. आपलं शहर आणि वस्ती मिळून दोन लाख पाच हजार. तिथे गोवराची प्रत्येक साथ प्रवासानेच सुरू होणार. यात प्रवाशाचा दोष नाही. प्रवास थांबत नाही, म्हणून आपल्या हातात उरतं ते पोचल्यावर त्याला काय सापडतं एवढंच.

हे सारं कागदावरचं आहे असं कुणाला वाटू नये. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात २०१४ साली आमिश समाजात ३८३ जणांना गोवर झाला. फिलिपिन्सहून परतलेल्या प्रवाशांबरोबर तो आला, आणि ज्या समाजात लस घेणारे कमी होते तिथेच प्रामुख्याने पसरला. नेदरलँड्समध्ये देशाची टक्केवारी ९५ च्या आसपास असताना २०१३-१४ मध्ये २,६०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले, बहुतेक धार्मिक कारणाने लस न घेणाऱ्या, एकमेकांना लागून राहणाऱ्या वस्त्यांतले. त्या लोकांनी लस नाकारली होती. आपल्या प्रकरणातल्या वस्तीने काहीच नाकारलेलं नाही. तिच्यापर्यंत कुणी पोचलं नाही, इतकंच. गणिताला हा फरक दिसत नाही. धोरण ठरवणाऱ्याला तो दिसला पाहिजे, कारण नाकारणाऱ्याशी बोलावं लागतं आणि न पोचलेल्याकडे जावं लागतं.

मॉडेलच्या उणिवाही सांगायला हव्यात. वस्तीतल्या मोठ्या माणसांपैकी काहींना लहानपणी गोवर होऊन गेलेला असणार, ते लसीशिवायही सुरक्षित आहेत. मी त्यांना धरलं नाही, म्हणून वस्तीतले असुरक्षित थोडे जास्त दिसतात. उलट मुलांच्या भेटीगाठी मोठ्यांपेक्षा जास्त आणि दाट असतात, म्हणून वयाचे कप्पे केले तर वेग वाढू शकतो. २० टक्के ही भेटींची संख्या तर निव्वळ माझा अंदाज आहे. मोबाइलच्या मनोऱ्यांवरच्या नोंदींतून लोकांची ये-जा मोजण्याचे चांगले प्रयत्न झाले आहेत, पण फोन मोठ्यांच्या खिशात असतो आणि गोवर लहानांना होतो. या उणिवांनी आकडे इकडेतिकडे सरकतील. ०.८५ आणि ४.१९ यांच्यातली दरी त्यांनी बुजणार नाही.

एक दुरुस्ती मात्र मी अलीकडे केली आहे. दर महिन्याला वस्ती सोडणाऱ्या ५०० जणांचा बाण मी आधी चौकोनाबाहेर काढून तसाच सोडून देत असे, जणू ती माणसं नाहीशी होतात. आता तो बाण तिसऱ्या चौकोनाकडे जातो. ही माणसं पुढच्या कामावर, पुढच्या वस्तीत जातात. आपल्या दाराशी रोज पाच डोस दिले जात असतील तर महिन्याला १३३ माणसं नव्याने सुरक्षित होतात, आणि कालांतराने तितकीच सुरक्षित माणसं दर महिन्याला पुढे निघतात. ज्या वस्तीला फक्त आपल्याकडून माणसं मिळतात तिथे येणाऱ्यांतले असुरक्षित ०.३४९ वरून ०.०८३ वर येतात, तिथे एकही डोस न देता. आपल्या नोंदवहीत याचा एकही आकडा पडत नाही. तिसऱ्या वस्तीतल्या परिचारिकेला तो कळतो, पण केव्हा? आलेल्या माणसाच्या हातात कार्ड असेल आणि त्यावर तारीख वाचता येत असेल तेव्हा. कार्ड मागे राहिलं तर ती त्याला पुन्हा डोस देईल. त्याने त्याला अपाय होणार नाही, पण तिच्या पाच डोसांतला एक गेलेला असेल, आणि रांगेत त्याच्यामागे उभ्या असलेल्या मुलासाठी तिला उद्या परत यावं लागेल.